झाकणाची चिंधी

"तू मला ऑइल शिकवू नकोस, मिस्त्री. चिंधी बघ, चिंधी. नवीकोरी आहे. डोळे फुटले का तुझे?"

"चिंधी दिसतेय की मला. मी ऑइलचं विचारतोय. शेवटचं कधी बदललं?"

"चिंधी बदलली म्हणजे ऑइल बदललं. आमच्या घरातलं पोर बोलायच्या आधी हे शिकतं."

"बरं. बदललं कोणी? तू?"

"भावाने."

"तू बघितलंस?"

यावर गिअरबाई गप्प झाली. गॅरेजातल्या माणसांनी हातातले पाने खाली ठेवले. तिच्या गाडीचा हॉर्न बंद पडलेला लोकांनी पाहिला होता, तिचं तोंड बंद पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

गाडी तिच्यासमोर बॉनेट वर करून उभी होती. मागच्या हौद्यात धुतलेल्या चादरींची गाठोडी रचलेली. तासाभरापूर्वी इस्पितळाच्या चढावर इंजिनाने आधी टकटक केली, मग आत कुणी लोखंडाची घागर आपटावी तसा आवाज झाला आणि गाडी जागेवर बसली. विटांच्या ट्रकवाल्याने दोर बांधून इथवर ओढून आणली. येताना स्टिअरिंगवर तीच होती. मेलेल्या इंजिनाच्या गाडीचं स्टिअरिंग वळवायचं म्हणजे रेड्याची मान वळवायची. पण तिने ते दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

गिअरबाई हे नाव तिला गाडीतळाने दिलेलं. तिच्या बापाच्या या पिकअपचा तिसरा गिअर कुणाच्याच हाताला पडायचा नाही. भलेभले ड्रायव्हर दांडा खेचून घामाघूम व्हायचे. ही यायची, तळहात उलटा करायची, जरा दम धरायची, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडायचा. बापाने तिला फार लहानपणी शिकवलं होतं. बुडाखाली पोत्याची घडी ठेवायचा, तेव्हा कुठे तिला काचेतून रस्ता दिसायचा. आई ओरडायची, पोरीला असलं काय शिकवतोस. बाप म्हणायचा, शिकवत नाही, मला पेंग येते तेव्हा कुणीतरी हवं ना धरायला.

पुढे लग्न झालं. नवरा शिंपी. आवाज करायचं काम त्याने मशीनवर सोपवलेलं, तोंडाने तो क्वचितच बोलायचा. त्याच्या एका खोलीच्या दुकानात ती काजं करत बसली, पण बोटं सुईत आणि कान रस्त्यावर. मग बापाच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला, आणि ती पुन्हा गाडीवर गेली. सकाळी इस्पितळातून मळक्या चादरी उचलायच्या, धुलाईच्या कारखान्यात टाकायच्या, आदल्या दिवशीच्या धुतलेल्या भरून परत न्यायच्या. बाप शेजारच्या सीटवर. त्याला रस्ता दिसायचा नाही, पण इंजिन ऐकू यायचं. "दुसऱ्यात घे," "आता सोड," एवढंच बोलायचा. मळक्या गाठोड्यांचा वास कपड्यांना नाही, केसांना धरतो. ती म्हणायची, चादर बघून मी सांगेन आतलं माणूस घरी गेलं की वर गेलं. लोक नाक मुरडायचे. ती म्हणायची, मुरडा, उद्या तुमचीही चादर मीच नेणार आहे.

आता त्या चिंधीची गोष्ट.

पिकअपचा किलोमीटरचा काटा कधीच मेला होता, आणि बापाने तो दुरुस्त केला नाही. ऑइल किती दिवसांनी बदलायचं, असं कुणी विचारलं की तो खेकसायचा, "तान्ह्याचा लंगोट तू दिवस मोजून बदलतोस का रे? हात लावून बघतोस ना?" हात लावून बघायची त्याची रीत अशी होती. ऑइल बदललं की इंजिनाच्या झाकणाला एक स्वच्छ चिंधी बांधायची. रोज सकाळी ऑइलची पट्टी उपसायची, त्याच चिंधीने पुसायची, पुन्हा बुडवून पातळी बघायची. चिंधी दिवसेंदिवस काळी होत जाते. पुसायला कोरी जागा उरली नाही, की ऑइल म्हातारं झालं. मग ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचा, नवी चिंधी बांधायची. गाडी जास्त पळाली की पट्टी जास्त वेळा निघते, चिंधी लवकर मळते. गाडी उभी राहिली, चिंधीही उभी राहिली. कंपनीच्या पुस्तकात हे नसेल, पण त्याचं इंजिन त्याच्या डोळ्यांपेक्षा जास्त टिकलं.

आणखी एक खोड होती त्याला. फिल्टर आणि ऑइल सोडायचा खालचा ड्रेन नट आवळून झाले की तो दोन्हींवर पांढऱ्या रंगाचा एकेक पट्टा ओढायचा, नटाचा अर्धा नटावर, अर्धा ऑइलच्या चेंबरवर. नट जरा जरी सैल झाला तर पट्टा तुटलेला दिसतो. शेवटचं ऑइल त्याने आजारपणात बदललं. ती गाडीखाली आडवी पडून बॅटरी धरून होती. बाप हाताने चाचपत होता. पट्टा वाकडा आला. "नीट आला का?" त्याने विचारलं. "आला," ती म्हणाली.

त्यानंतर तो खाटेवरून उठला नाही, आणि धाकटा भाऊ परतला.

भाऊ बरीच वर्षं दुसरीकडे होता. कधी मोबाइल विकले, कधी हॉटेलात उभा राहिला. आल्याच्या दुसऱ्या सकाळी तो थेट धुलाईच्या कारखान्यात पोचला आणि चारचौघांत तिच्या हातातून चावी घेतली. "तू आता घर बघ ताई. मी आलोय ना." ती तशीच चालत बापाकडे गेली. बापाने खाटेवरूनच निवाडा दिला: सकाळ हिची, दुपारनंतर गाडी त्याची, आणि ऑइल पाळीपाळीने, एकदा तू, एकदा तो. "चिंधीवर नजर ठेवा," एवढं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या आठवड्यात तो गेला. तेव्हापासून दोघं भावंडं एकमेकांशी बोलली नाहीत.

चावी पंक्चरवाल्याकडे राहायची. ती दुपारी टायरांच्या ढिगावरच्या खिळ्याला चावी लावून जायची, भाऊ थोड्या वेळाने येऊन न्यायचा. पंक्चरवाला म्हणायचा, "तुमच्यापेक्षा नवराबायको बरी, घटस्फोट तरी घेतात." भाऊ दुपारनंतर विटा, खडी, सळया, मिळेल ते वाहायचा, मापाबाहेर भरायचा. सकाळी ती आली की गाडीच्या स्प्रिंगचे पाटे वाकलेले, हौद्यात खडीचा चुरा. त्यावर ती चादरी कशा ठेवणार? आधी झाडून काढायचं. झाडताना ती भावाची जी काही आरती ओवाळायची, ती ऐकायला लोक चहाचा पेला घेऊन थांबायचे.

सूड घ्यायची तिची रीत मात्र अगदी साधी होती. भाऊ ढांगाळ्या, ही बुटकी. दुपारी गाडी सोडताना ती सीट पार पुढे ओढून ठेवायची आणि सीटचा खटका असा ठोकायची की सहज निघू नये. भाऊ घाईघाईत चढला की गुडघे स्टिअरिंगवर आपटायचे. पंक्चरवाला तिला रोज सकाळी खबर द्यायचा, "काल आईची आठवण काढली त्याने. मोठ्याने." तिचा दिवस त्यावर बरा जायचा.

बापाने बांधलेली चिंधी काळी होत आली. पाळी भावाची होती. ती रोज बघायची आणि दातओठ खायची. कोपऱ्यात अंगठ्याएवढी कोरी जागा उरली होती, तिने पट्टी त्या जागेवर पुसायचं टाळलं. आणि एका सकाळी बॉनेट उघडलं, तर झाकणाला नवी चिंधी.

चौकड्याची. तपकिरी नि पांढऱ्या चौकड्याची. बापाचा शर्ट होता तो. कोपराला ठिगळ तिच्याच नवऱ्याने लावलेलं.

आधी तिचं डोकं फिरलं, मेलेल्या माणसाचा शर्ट फाडतो हा. मग बॉनेटवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. म्हणजे त्याने ऑइल बदललं. बापाच्या रीतीने बदललं. आणि चिंधी बांधायला बापाचाच शर्ट घेतला. तोंडाने बोलता येत नाही म्हणून माणूस असं बोलतो, असं तिला वाटलं. तिचा नवरा असाच होता, तिला अशा माणसांची सवय होती.

त्या दुपारी गाडी सोडताना तिने सीट मागे सरकवली. पार शेवटपर्यंत, त्याच्या ढांगांना पुरेल इतकी.

मग रोजच. सकाळी स्वतःसाठी पुढे, दुपारी त्याच्यासाठी मागे. खटका फार कडक होता, ओढताना कमरेत कळ यायची. पंक्चरवाल्याने विचारलं, "आता आईची आठवण काढत नाही तो. काय भानगड?" ती म्हणाली, "तू टायर बघ." पण चेहऱ्यावर जे यायचं नव्हतं ते आलं असावं, कारण पंक्चरवाला दिवसभर शिट्टी वाजवत होता.

तीही चिंधी मळली. आता पाळी तिची. तिने ऑइलचा डबा आणायचा म्हणून ठरवलं, आणि आणायच्या आधीच झाकणाला तिसरी चिंधी आली. तोच चौकडा, बाहीचा भाग. त्या दिवशी घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, "माझी पाळी होती रे. तरी त्याने केलं."

नवऱ्याने मशीन थांबवलं. "विचारलंस त्याला?"

"विचारायचं काय त्यात? चिंधी आहे ना बांधलेली."

नवऱ्याने मशीन सुरू केलं.

पट्टीवर ऑइल कायम भरलेलं दिसायचं, वरच्या रेघेला टेकलेलं. रंग काळाच, पण डिझेलच्या गाडीत ओतल्यापासून चार दिवसांत ऑइल काळं होतं, काळ्यावरून काही ठरत नाही. मधूनच इंजिनात बारीक टकटक यायला लागली. जुनं इंजिन, टॅपेट वाजत असेल, त्याने काही बिघडत नाही, असं तिने मनाशी म्हटलं. बाप शेजारी असता तर म्हणाला असता, टॅपेट नव्हे, नीट ऐक. शेजारी आता गाठोडी असायची.

"इकडे ये," गॅरेजात मिस्त्री गाडीखालून म्हणाला. मिस्त्री तिच्या बापाच्या वयाचा नसला तरी त्याच्या बैठकीतला होता. "वाक. बॅटरी धर."

ती वाकली. खाली मातीत गाल टेकवून बघितलं. ड्रेन नटावर तेलकट धूळ बसलेली. मिस्त्रीने अंगठ्याने ती पुसली. आतून पांढरा पट्टा निघाला. अर्धा नटावर, अर्धा चेंबरवर. वाकडा, आणि सलग.

"हा पट्टा..." मिस्त्री म्हणाला.

"माहीत आहे कुणाचा ते."

"म्हणजे हा नट त्यानंतर..."

"कळलं. पुढचं बोलू नकोस."

मिस्त्रीने नट सोडला. खाली घमेलं ठेवलेलं. काही आलंच नाही. त्याने तार घालून ढवळलं, तेव्हा गुळाच्या काकवीसारखं काहीतरी तुकड्या-तुकड्याने पडायला लागलं, त्यात चकचकीत चुरा. बेअरिंगचा. फिल्टरवरही तोच पट्टा, तोही सलग. बापाने घातलेलं ऑइल अजून इंजिनात होतं. तेवढं काय ते त्याचं राहिलं होतं, आणि त्यानेच इंजिन खाल्लं.

"क्रँक गेला," मिस्त्री म्हणाला. "दुसरं इंजिन बघावं लागेल. पण एक कळत नाही मला. इतक्या दिवसांत ऑइल कमी व्हायला हवं होतं. पातळी कशी राहिली?"

त्याचं उत्तर मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून आलं. पंक्चरवाल्याने भावाला निरोप धाडला होता. भाऊ उतरला, गाडीकडे बघितलं, आणि बापाच्या मरणानंतरचं पहिलं वाक्य बहिणीशी बोलला:

"काय करून ठेवलंस हे?"

"वाक," ती म्हणाली. "खाली बघ."

"पँट खराब होईल. तुझ्या वेळेत बसली ना गाडी? मग मला काय दाखवतेस?"

"ऑइल कधी बदललंस?"

"मी? मी कशाला बदलेन? ते तू बघतेस ना. बापाची लाडकी ड्रायव्हर तू. मी आपलं कमी दिसलं की वरून ओततो. दुकानात सुटं मिळतं. कधी कमी पडू दिलं नाही, विचार कुणालाही."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. हात तेलाचा होता, कपाळ काळं झालं.

तिने झाकणाची चिंधी सोडली आणि भावाच्या नाकापुढे धरली. "आणि ही? ही कोणी बांधली?"

"मीच बांधली. आधीची इतकी घाण झालेली, हात पुसले की आणखी काळे व्हायचे. बायकोला म्हटलं, एखादं फडकं दे."

"हा बापाचा शर्ट आहे."

भावाने चिंधी हातात घेऊन पाहिली. त्याला खरंच आठवत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. "असेल. जुन्या कपड्यांचं बोचकं आहे घरात, हाताला येईल ते फाडते ती. त्यात काय एवढं? चिंधी ती चिंधी."

"चिंधीवर नजर ठेवा म्हणाला होता तो."

"मला वाटलं बरळतोय. ताप होता ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ढांगाळ्या, बापासारखंच कपाळ, बापासारखाच मान कलती करून उभा. तिला एकच विचारायचं होतं, आणि विचारू नये हेही कळत होतं. तरी तिने विचारलं.

"सीट मागे असायची रोज. ते तरी लक्षात आलं का?"

"हां, ते मी सांगणारच होतो पंक्चरवाल्याला. खटका निकामी झालाय तिचा. पूर्वी पुढे अडकायची, आता मागे अडकते."

गॅरेजात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

ती कमरेला हात लावून जरा वाकली, रोज दुपारी कळ यायची तिथे दाबलं, आणि सरळ झाली.

"भंगारवाल्याला बोलावू," भाऊ म्हणाला. "हिच्यात आता काही राम नाही. अर्धं तुझं, अर्धं माझं."

"माझं अर्धं मी देणार नाही. तुझं अर्धं काप आणि घेऊन जा."

"पुढचं की मागचं?" मिस्त्रीने विचारलं. वातावरण हलकं करायला बोलला बिचारा.

"सीट सोडून काहीही," ती म्हणाली.

भाऊ काहीतरी पुटपुटला, मोटरसायकलवाल्याच्या खांद्याला धरून बसला आणि गेला. जाताना चिंधी बॉनेटवर टाकून गेला. मिस्त्री घमेल्यातला काळा गोळा काठीने उलटापालटा करत होता. मान खाली घालून म्हणाला, "एकदा जरी खाली वाकली असतीस ना तू..."

"हो."

"तुला तर सगळं येत होतं. तू त्याच्यासारखी नाहीस. तू का नाही बघितलंस?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं. खाली वाकून बघितलं असतं तर पट्टा दिसला असता, आणि मग सीट मागे सरकवायला काही कारण उरलं नसतं. पण असलं उत्तर गॅरेजात द्यायचं नसतं. ती म्हणाली, "कंबर दुखते माझी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. इस्पितळातली चादरखोलीची बाई. तिचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. ऑपरेशनला नेलेली माणसं परत यायची वेळ झाली, खाटांवर नुसत्या गाद्या आहेत, तू आहेस कुठे, उद्यापासून दुसरी गाडी लावू का? पलीकडे एक 'छोटा हत्ती' टेम्पोवाला आजच विचारून गेलाय.

"येते," ती म्हणाली. "निघाले म्हणून समज."

फोन ठेवून तिने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने मान हलवली, मग डोकं खाजवलं, मग खिशातून चावी काढली. त्याची स्वतःची पिकअप भिंतीला टेकून उभी होती. सुटे भाग आणायला वापरायचा, रंग उडालेली, एका दिव्याची. "संध्याकाळी परत हवी. आणि पुढचं मी सांगत नाही, उद्याचं उद्या बघू."

"रोज लागेल मला. सकाळची."

"उद्याचं उद्या म्हटलं ना."

तिने चावी घेतली, पण गाडीत चढली नाही. आधी बॉनेट उघडलं. पट्टी उपसली, पदराला पुसली, बुडवली, पुन्हा काढली. पातळी बरोबर. रंग काळा.

"परवाच बदललंय," मिस्त्री म्हणाला.

"कोणी?"

"मीच. या हातांनी."

तिने एक थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. मग रस्त्याच्या धुळीत गुडघे टेकले, तळहात टेकले, कमरेतून कळ निघाली तशी "आई गं" म्हणाली, आणि गाडीखाली डोकं घातलं.

"अगं, माझ्यावर पण विश्वास नाही?" मिस्त्री दुखावून म्हणाला.

खालून आवाज आला, "नाही."

नट स्वच्छ होता, पान्याची ताजी खूण होती. ती उठली, गुडघे झटकले. दोघांनी मिळून गाठोडी एका हौद्यातून दुसऱ्यात टाकली. मिस्त्रीने हात काळे म्हणून आधी धुतले, हे तिने पाहिलं. परतताना त्याने बॉनेटवरची चौकड्याची चिंधी उचलली. "ही ठेवू का तुझ्यासाठी?"

"लादी पूस तिने," ती म्हणाली.

आत बसून तिने सीट पुढे ओढली. या गाडीचा खटका मऊ होता, नुसतं बोट लावलं की सरकायचा. पहिला गिअर पडला. दुसरा पडला. तिसऱ्यासाठी तिचा तळहात सवयीने उलटा झाला, पण इथे त्याची गरज नव्हती. चढाच्या तोंडाशी एक हातगाडी आडवी आली, तिने काच खाली करून तिच्या मालकाच्या सात पिढ्या काढल्या, आणि चादरी घेऊन वर गेली.